कमानीतलं पोर

१

सोमवारी सकाळी कमानीच्या सफाई-दुरुस्तीसाठी आलेल्या ओर्तेन्सियाबाई परांचीवर चढल्या, ताडपत्री बाजूला केली आणि तशाच उभ्या राहिल्या. कमानीच्या आतल्या भिंतीवर रोमन सम्राट सेव्हेरस, त्याची राणी आणि थोरला मुलगा रोजच्यासारखे यज्ञाच्या वेदीपाशी उभे होते. सम्राटाच्या अंगरख्याला खेटून उभं असलेलं लहान पोर मात्र मानेपासून वर नाहीसं झालं होतं.

फौजदार सावेरिओ क्वाल्या कॉफी अर्धी टाकून आला, तोवर निम्मं कास्तेलार्को गाव कमानीखाली जमलं होतं. आदल्या दिवशी संत व्हितोची जत्रा होती. रस्त्यावर अजून कागदी फुलं आणि मेणाचे थेंब पडलेले होते. कास्तेलार्कोची कमान शेजारच्या बेनेव्हेंतो शहरातल्या कमानीपेक्षा लहान, काळवंडलेली आणि एका अंगाला जराशी कललेली. बेनेव्हेंतोचे लोक तिला हसत. पण गावाला तिचा अभिमान होता, आणि त्यातही त्या पोराचा. सम्राट मेल्यावर थोरल्या मुलानं धाकट्याला मारलं आणि त्याचं नाव साम्राज्यातल्या एकूण एका दगडावरून खरवडून काढायला लावलं. या कमानीवरही ती ओळ छिन्नीनं तासलेली आहे. चेहरा मात्र राहिला. गावच्या पाथरवटांनी त्या पोरग्याला हात लावायला नकार दिला, असं गाव सांगत आलं होतं.

ते डोकं कधीतरी तुटून परत बसवलेलं आहे, हे मानेवरच्या सांध्यावरून दिसत होतं. ते मूळचंच आहे की नंतरचं, हे पाहायला त्याच दुपारी ते उतरवून नेपल्सच्या प्रयोगशाळेत जायचं होतं.

गर्दीत जो तो आपापलं बोलत होता. कुणी म्हणे नेपल्सवाल्यांनीच लांबवलं, कुणी म्हणे जत्रेत आलेल्या परक्यांनी. नगराध्यक्ष फौजदारामागे फिरत होते. टेलिव्हिजनवाले यायच्या आत पोरगा सापडलाच पाहिजे, असं त्यांनी तीनदा सांगितलं. भट्टीवाल्या दोन्ना मफाल्दा नेहमीसारखी कामगारांसाठी पावाची टोपली घेऊन आल्या होत्या. टोपली कडेला ठेवून त्या शांतपणे म्हणाल्या, "एवढीशी पोर. कशाला लोकांनी तिच्या मागे लागावं." आणि पाव वाटायला लागल्या.

सावेरिओ शिडीवरून वर गेला. ओर्तेन्सियाबाई गुडघ्यांवर बसून मानेचा भाग न्याहाळत होत्या. नेपल्सची बाई, बोलायला तुटक. दगड कसा जपावा हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"खाली चुरा नाही," तो म्हणाला. "हातोडा नाही लागलेला."

"नाही. गरम करून काढलंय. हुंगा इथे."

त्यानं वाकून हुंगलं. पाइनच्या राळेचा वास आला. मानेतून एक पितळेची खुंटी वर आली होती आणि तिच्याभोवती तपकिरी, चिकट थर होता. मागच्या बाजूला काजळीचा डाग होता.

"राळ आणि मेण. पाथरवटांचं जुनं चिकट. तापवलं की सुटतं. सिमेंट असतं तर सुटलं नसतं. ज्यानं नेलं त्याला हे ठाऊक होतं." मग तिनं खालच्या गर्दीकडे एकदा पाहिलं आणि आवाज उतरवला. "आणखी एक आहे. तुटलेला तुकडा पुन्हा बसवायचा तर तुटलेल्या जागा कुणी तासत नाही, त्या एकमेकींत बसतात. ही मान बघा, पाटासारखी सपाट केलीय. नवं डोकं बसवण्यासाठी."

"म्हणजे?"

"म्हणजे प्रयोगशाळेची गरजच उरली नाही. गाव ज्याला इतकं जपतंय ना, तो रोमन पोरगा नाहीच आहे."

२

सावेरिओनं तिला दोन दिवस गप्प राहायला सांगितलं. चोराला जे ठाऊक होतं ते आपल्यालाही ठाऊक आहे, हे त्याला कळू द्यायचं नव्हतं. शिवाय प्रोफेसर एव्हान्द्रो स्काल्झींचा विचार त्याच्या मनात होता.

आधी तो गास्पारेकडे गेला, कारण सगळं गाव तिकडेच बोट दाखवत होतं. गास्पारेचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं, आणि शेतातल्या थडग्यांतून मडकी उकरल्याबद्दल तो एकदा आत जाऊन आला होता. तो दुकानाच्या दारात खुर्ची टाकूनच बसला होता.

"या मारेशा, तुमचीच वाट बघत होतो," तो म्हणाला. फौजदाराला तिकडे सगळे मारेशाच म्हणतात. "दुकान उघडंच आहे, घर वर आहे, बायको ओरडेल तेवढं सोसा."

सावेरिओनं शोधायचं तेवढं शोधलं. गास्पारे मागे मागे येत आपली बाजू मांडत राहिला. आपण चोर होतो हे तो नाकारत नव्हता, पण मूर्ख नव्हतो म्हणे. ज्या तोंडाचा फोटो शाळेच्या वह्यांवर छापलाय, ते विकायचं कुणाला? आणि काल दुपारभर तो संत व्हितोच्या पालखीच्या डाव्या दांड्याखाली होता. टेकडीवरच्या देवळापर्यंत सगळी मिरवणूक त्याची पाठ बघत गेली.

ते खरंच होतं. सावेरिओ स्वतः पालखीच्या मागे चालत होता. काल दुपारी गाव रिकामं पडलं होतं, आणि ताडपत्रीआड कोण चढलं उतरलं हे बघायला खाली एक मांजरसुद्धा नसणार.

पण गास्पारेला सोडायचं खरं कारण वेगळं होतं. डोकं जुनं आहे असं त्याला वाटत असतं तर राळेची युक्ती त्याला सुचली नसती. आणि ते नवं आहे हे ठाऊक असतं, तर त्याला त्याचा उपयोग नव्हता.

मग राहिले प्रोफेसर.

प्रोफेसर एव्हान्द्रो लिसेओत, म्हणजे वरच्या वर्गांच्या शाळेत, ग्रीक-लॅटिन शिकवून निवृत्त झाले होते. लग्न केलं नव्हतं. त्यांनी आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं, आणि ते या पोराबद्दल. हा चेहरा नेहमीच्या साच्यातला नाही, हे खऱ्या, जिवंत मुलाचं चित्र आहे, म्हणजे हाच तो मारला गेलेला धाकटा राजपुत्र, असं त्यांचं म्हणणं होतं. मोठ्या विद्यापीठांतल्या लोकांनी ते कधी खोडलं नाही आणि कधी मानलंही नाही. डोकं खोटं ठरलं असतं तर सगळ्यांत जास्त नुकसान या एका माणसाचं होतं. ते तपासणीला जाण्याआधी नाहीसं व्हावं, असं वाटायला यांच्याइतकं सबळ कारण कुणालाच नव्हतं.

प्रोफेसर स्वयंपाकघरात बसले होते. डोळे सुजलेले होते. सावेरिओनं हळूहळू विचारायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी मध्येच थांबवलं.

"तुम्हाला माझा संशय आहे. असायलाच हवा," ते म्हणाले. "पण सावेरिओ, नेपल्सच्या तपासणीसाठी अर्ज कुणी केला होता, विचारलंत का?"

"कुणी?"

"मी. नगराध्यक्ष नको म्हणत होते. मी त्यांच्या दारात जाऊन बसलो. मला वाटलं, मरायच्या आधी एकदा शिक्का बसू दे." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आता लोक म्हणतील, म्हाताऱ्यानं घाबरून लपवलं."

जाता जाता सावेरिओनं विचारलं की ते डोकं तुटून कधी बसवलं असावं. प्रोफेसरांच्या मते शेकडो वर्षांपूर्वी. ऐंशी सालच्या भूकंपात कमानीचे वरचे दगड निखळले तेव्हा पाथरवट कानिओनं एकट्यानं कित्येक महिने खपून ते परत चढवले, पण मूर्तींना आपण हात लावला नाही, असं कानिओ नेहमी सांगे.

"कानिओ," सावेरिओ म्हणाला. "दोन्ना मफाल्दांचा नवरा."

३

भट्टी कमानीपासून हाकेच्या अंतरावर होती. सावेरिओ या गावात बदलून आला त्याला बारा-तेरा वर्षं झाली होती, आणि रविवार सोडला तर एकही दिवस त्यानं मफाल्दांचा पाव चुकवला नव्हता. सुरुवातीला त्याची बायको आजारी होती, तेव्हा मफाल्दा न विचारता मऊ पाव वेगळा काढून ठेवत. बायको गेल्यावर त्यांनी तो बंद केला, तोही न बोलता.

कानिओ भट्टीच्या मागच्या खोलीत पलंगावर उशांना टेकून बसलेला असे. चाळीस वर्षांची दगडाची धूळ छातीत साचली होती. नाकाला नळी, शेजारी सिलिंडर. न्हाणीघरापर्यंत जायलाही त्याला मफाल्दांचा खांदा लागे. त्यानं परांची चढणं शक्यच नव्हतं. सावेरिओ आत आला तेव्हा कानिओला कुणी काही सांगितलेलं नव्हतं, हे लगेच कळलं.

"काय मारेशा, जत्रा कशी झाली? गास्पारेनं पालखी पाडली नाही ना?"

सावेरिओ खुर्ची ओढून बसला आणि त्यानं बातमी सांगितली. कानिओचं हसू विरलं. चादरीवरचा हात घट्ट मिटला.

"फुटलं का?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही. खाली तुकडे नव्हते."

"फुटलं नसेल तर ठीक आहे," कानिओ म्हणाला, आणि मग स्वतःलाच समजावल्यासारखं पुन्हा, "नसेल फुटलं."

अख्ख्या गावानं कोणी घेतलं असं विचारलं होतं. फुटलं का, असं पहिल्यांदा यानंच विचारलं. सावेरिओनं सरळच प्रश्न टाकला: भूकंपानंतर ते डोकं तूच घडवलंस का? कानिओनं मान फिरवून भिंतीकडे पाहिलं. मी दगड चढवले, मूर्तींना हात नाही लावला, असं तो म्हणाला. वीस-बावीस वर्षं जे वाक्य तो म्हणत आला होता, तेच.

"माझ्या बायकोला यातलं काही सांगू नका," सावेरिओ उठला तसा तो म्हणाला. "तिला नाही सोसणार."

"काय नाही सोसणार?"

कानिओनं डोळे मिटून घेतले. दारातून मफाल्दांनी हाक दिली, त्यांना त्रास देऊ नका, पाव बांधून ठेवलाय. सावेरिओनं पाव घेतला आणि बाहेर पडला. भट्टीच्या तोंडाशी टरफलांचा ढीग होता. एक फावडंभर टरफलं आत टाकून मफाल्दांनी कपाळाचा घाम मनगटानं पुसला. त्यांच्या मनगटाच्या आतल्या बाजूला भाजल्याचा ताजा, लांबट डाग होता. भट्टीवालीच्या हाताला असे डाग नेहमीचेच. सावेरिओनं तो पाहिला, आणि घरी जाईपर्यंत विसरूनही गेला.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी ओर्तेन्सियाबाईंनी त्याला पुन्हा परांचीवर बोलावलं. फळ्यांच्या फटीतून त्यांनी ब्रशनं धूळ गोळा करून एका बशीत ठेवली होती. राखाडी, हलकी राख, आणि त्यात एक अर्धवट जळालेलं कवच.

"हेझलनट," ती म्हणाली.

सावेरिओनं ते बोटांत धरून फिरवलं. त्या डोंगरात हेझलनटची झाडं घराघरामागे. थंडीत सगळेच टरफलं जाळतात. पण आता जून होता, घरोघरच्या शेगड्या साफ होऊन माळ्यावर गेल्या होत्या.

निखारे बादलीत घालून वर आणले. त्यात लोखंडी सळई तापवली, मानेला मागून लावली, पुन्हा तापवली, पुन्हा लावली. राळ मऊ झाल्यावर डोकं खुंटीवरून अलगद उचललं. त्याला ते असं दिसायला लागलं होतं, आणि त्या चित्रातले हात कुणाचे आहेत हे बघायची त्याची इच्छा नव्हती.

तो शिडी उतरून कमानीखाली उभा राहिला. लहान मुलांची एक तुकडी शिक्षिकेबरोबर चालली होती. "बाई, पोरग्याचं डोकं कुणी कापलं?" एकानं विचारलं. शिक्षिका म्हणाली, पोरगा लवकरच परत येणार आहे.

पोरगा. प्रोफेसर पोरगा म्हणत, कारण गळ्यात ताईत होता, आणि रोमन लोक तो ताईत मुलग्यांनाच घालत. नगराध्यक्ष पोरगा म्हणत. गास्पारे, हवालदार, शाळेतली मुलं, सगळे. फक्त काल सकाळी, इथेच, पावाची टोपली टेकवताना कुणीतरी म्हणालं होतं, एवढीशी पोर. कशाला तिच्या मागे लागावं.

सावेरिओ तिथून निघाला तो गावच्या दफनभूमीकडे गेला. भूकंपात गेलेल्यांची ओळ भिंतीला धरून होती. बहुतेक थडग्यांवर चिनी मातीच्या गोल चकतीत फोटो होते. एका लहान थडग्यावर ती जागा रिकामी होती. खाली नाव होतं: लिबेरा इयान्नुझी. वय सात.

इयान्नुझी म्हणजे कानिओचं आडनाव.

५

दुपारी भट्टी बंद असते. मफाल्दा मागच्या अंगणात परात घासत बसल्या होत्या. सावेरिओनं टोपी काढून हातात घेतली आणि दगडी कट्ट्यावर बसला. मफाल्दांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, परात पालथी घातली, आणि ओले हात मांडीवर ठेवून बसल्या.

"गास्पारेला पकडलंत का?" त्यांनी विचारलं.

"नाही. त्याच्या काय उपयोगाचं ते?" सावेरिओ म्हणाला. "प्रोफेसरांनी नेलं नाही, त्यांनीच तपासणी मागितली होती. ओर्तेन्सियाबाईंना चोरायची गरज नव्हती, दुपारी ते त्यांच्याच हातात येणार होतं. डोकं राळेनं बसवलंय हे बसवणाऱ्याला ठाऊक, पण तो पलंगावरून उठू शकत नाही. मग राहिलं त्याच्यासाठी राळ-मेण कोण कढवायचं ते."

"मीच कढवायचे," मफाल्दा म्हणाल्या. "तीन भांडी वाया गेली माझी."

"वर हेझलनटची राख सापडली. जूनमध्ये भट्टी तुमची एकटीची पेटते. आणि दोन्ना मफाल्दा, सगळं गाव पोरगा म्हणतं. तुम्ही म्हणालात, एवढीशी पोर."

मफाल्दांनी मान हलवली, जणू इतकं साधं आपल्या तोंडून निसटावं याचं त्यांना नवल वाटलं.

त्यांनी सांगितलं ते असं. भूकंपाच्या त्या रविवारी संध्याकाळी लेक लिबेरा मावशीकडे टेलिव्हिजन बघायला गेली होती. घरं पडली. कानिओनं दोन दिवस नुसत्या हातांनी ढिगारा उपसला. ती सापडली तेव्हा मफाल्दांना कुणी बघू दिलं नाही, पेटी बंद करूनच आणली. यांचं स्वतःचं घरही गेलं होतं, त्याबरोबर सगळे फोटो. एकही उरला नाही. पुढे कानिओला कमानीचं काम मिळालं. तो पहाटे जाई आणि अंधार पडल्यावर येई, आणि लेकीचं नाव घेत नसे. परांची उतरली त्या दिवशी मफाल्दा पाव घेऊन कमानीखालून निघाल्या आणि त्यांनी सहज वर पाहिलं.

"काजळी फासली होती त्यानं, जुनं दिसावं म्हणून," त्या म्हणाल्या. "आधीचा चेहराही काळा पडलेलाच होता, दुसऱ्या कुणाला काय कळणार. मला कळलं. टोपली ठेवून तिथंच बसले. बायका म्हणाल्या, चक्कर आली हिला."

"कानिओला नाही सांगितलंत?"

"त्यानं मला सांगितलं नाही. त्याला वाटत असेल, मी कोलमडेन. मग मीही नाही बोलले. रोज पाव नेताना बघायचे. बास होतं तेवढं." त्यांनी ओले हात मांडीवर पुसले. "मग ही नेपल्सची बाई आली. धुऊन पुसून चेहरा इतका लख्ख केला तिनं, मारेशा, की मला वाटलं आता बोलेल. आणि म्हणाली, खोटं निघालं तर कोठारात ठेवू. नंबर घालून. एकदा पेटीत घालून नेलीच होती ना तिला. तेव्हा मी गप्प राहिले होते."

"कुठं आहे ते?"

मफाल्दा उठल्या. पिठाच्या कोठीमागून त्यांनी कणकेवर झाकायच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. नारळापेक्षा थोडं मोठं. फडकं त्यांनी उघडलं नाही, तसंच छातीशी धरलं.

तेवढ्यात आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. दोघं धावले. कानिओ दाराच्या चौकटीला धरून उभा होता. नाकातली नळी ओढली जाऊन सिलिंडर आडवा झाला होता. मागच्या खोलीची खिडकी अंगणात उघडत होती, हे सावेरिओच्या लक्षात आलं नव्हतं.

दोघांनी त्याला पलंगावर बसवलं. श्वास स्थिरावल्यावर कानिओनं आधी बायकोच्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं.

"केव्हापासून ठाऊक आहे तुला?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि बोलली नाहीस?"

"तू बोललास?" मफाल्दांनी फडकं त्याच्या मांडीवर उघडलं. पांढऱ्या दगडात एक लहान मुलगी किंचित ओठ मुडपून, हट्टानं बघत होती. "इतकी वर्षं एक सांगायचं होतं तुला. हनुवटी चुकलीय. हनुवटी तू तुझ्या आईची लावलीस. तिची माझ्यासारखी होती."

कानिओनं अंगठा दगडाच्या हनुवटीवरून फिरवला. "आठवेना मला," तो म्हणाला. "तेवढीच आठवेना, मफाल्दा. तुला विचारायला पाहिजे होतं."

सावेरिओ बाहेर अंगणात जाऊन उभा राहिला.

६

कायदा काय म्हणतो ते त्याला ठाऊक होतं. पण कायद्याच्या आधी एक प्रश्न होता, की चोरीला नेमकं काय गेलं. तो ओर्तेन्सियाबाईंकडे गेला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. मूळ डोक्याचा भूकंपात पडून चुरा झाला असणार, ती म्हणाली, ते कुणी चोरलेलं नाही. हे दुसरं म्हणजे भूकंपानंतरची दुरुस्ती. दुरुस्ती उत्तम आहे, आणि दुरुस्ती हाही कमानीच्या इतिहासाचाच भाग असतो. ज्या कमानीला मध्यंतरी गावाच्या तटबंदीत चिणून तिचा वेशीचा दरवाजा केला होता, तिच्यावर पुढच्यांचे हात दिसू नयेत असं म्हणणारी ती कोण?

"मी कोठारात ठेवायचं म्हणाले होते," ती म्हणाली. "त्या बाईंसमोर म्हणाले होते?"

"हो."

ती उठून खिडकीशी गेली. "मीच जाते त्यांच्याकडे," ती म्हणाली. आणि गेली.

डोकं परत आलं, जागेवर राहणार आहे, आणि तक्रार करण्यासारखं काही उरलेलं नाही, एवढंच सावेरिओनं नगराध्यक्षांना कळवलं. टेलिव्हिजनवाले आलेच नाहीत, त्यामुळे नगराध्यक्षांनीही फार खोदलं नाही.

प्रोफेसरांकडे जायला मात्र सावेरिओचे पाय जड झाले. त्यानं सांगायला सुरुवात केली तसे प्रोफेसर खुर्चीत हळूहळू लहान होत गेले. सांगून झालं. त्यांनी उठून आपलं पुस्तक काढलं, पहिल्या पानावरचा पोराचा फोटो बघितला. फोटो अर्थातच भूकंपानंतरचा होता.

"नाव काय होतं तिचं?" त्यांनी विचारलं.

"लिबेरा."

"वीस वर्षं रोज बघत होतो मी हिला." त्यांनी पानं उलटली, एका जागी बोट ठेवलं. "इथं मी लिहिलंय, हा चेहरा मोबदल्यासाठी काम करणाऱ्याच्या हातचा नाही, त्या मुलावर जीव असलेल्या माणसाच्या हातचा आहे. विद्यापीठवाले यालाच हसले होते." त्यांनी पुस्तक मिटलं. "तेवढं तरी बरोबर निघालं."

त्या आठवड्यातच त्यांनी विद्यापीठांना आणि वर्तमानपत्राला आपल्याच सहीनं कळवलं की आपला सिद्धांत चुकला. कशामुळे, हे लिहिण्याआधी ते मफाल्दांची परवानगी मागायला गेले. मफाल्दांनी कानिओकडे पाहिलं. लिहा, तो म्हणाला, आता लपवायचं कुणापासून.

जुलैच्या सुरुवातीला डोकं परत बसवलं. खुर्चीसकट कानिओला चौघांनी कमानीखाली आणलं, त्यात एक गास्पारे होता. राळेत मेण किती घालायचं यावरून कानिओ आणि ओर्तेन्सियाबाईंचा वाद झाला आणि कानिओचं खरं ठरलं. हनुवटी तशीच ठेवायची, असं मफाल्दांनी सांगितलं. सासूबाईंनाही राहू दे तिथं, म्हणाल्या.

गाव पुष्कळ दिवस अवघडून राहिलं. त्या भूकंपाबद्दल कास्तेलार्कोत कुणी बोलत नसे. सगळ्यांचंच कुणी ना कुणी गेलेलं, आणि दुसऱ्याची जखम उघडायची भीती. लोक कमानीखालून जाताना वर बघत आणि भट्टीत आले की पावाबद्दलच बोलत.

मग एका सकाळी सावेरिओ पावासाठी उभा असताना एक तिशीतली बाई आत आली. मिलानोत राहणारी, सुट्टीला माहेरी आलेली. तिनं पाव मागितला नाही. मफाल्दांसमोर उभी राहून तिनं नुसती बाही वर केली आणि दंड पुढे केला. त्यावर अर्धगोल, फिकट खूण होती.

"मी लिबेराच्या बाकावर बसायचे, दोन्ना मफाल्दा," ती म्हणाली. "तिची रंगीत पेन्सिल मी परत देत नव्हते. हे तिचे दात आहेत."

मफाल्दांनी पिठाचे हात पुसले. तो दंड दोन्ही हातांत धरून त्यांनी खिडकीच्या उजेडाकडे वळवला.

"पुढचा एक पडला होता तेव्हा," त्या म्हणाल्या. "हे बघा मारेशा, इथं फट आहे."

आणि त्या बाईचा हात न सोडता त्यांनी मागच्या दाराकडे तोंड करून कानिओला हाक मारली.